विरघळत नाही ते

चघळण्याचा डिंक, ज्याला मराठी मुलखात लहानथोर सरसकट ‘चिंगम’ म्हणतात, हा खाऊच्या बरणीत बसत असला तरी खाल्ला जात नाही, आणि तो घरी करू पाहणाऱ्याची पहिल्याच दिवशी या विसंगतीशी गाठ पडते. इतर कोणताही पदार्थ करताना तो शिजावा, मऊ व्हावा, घशाखाली सहज उतरावा याकडे करणाऱ्याचे लक्ष असते. येथे मात्र लाळेला, दातांना आणि तोंडातल्या उबेला जे पुरून उरते तेवढेच साधायचे असते, आणि साखर, सुगंध, आंबटगोडपणा ही बाकीची मंडळी पाच-दहा मिनिटांत निरोप घेण्यासाठीच आलेली असतात. त्यामुळे या कामात काय घालावे यापेक्षा काय काढून टाकावे हे कळणे अधिक महत्त्वाचे ठरते.

रायगडच्या किनाऱ्यावर या विषयाला एक खास स्थानिक बाजू आहे. अलिबागपासून नागाव, चौल, रेवदंडा, मुरूड आणि पुढे दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या ज्या वाड्या आहेत, त्यांत विहिरीच्या आसपास किंवा कुंपणाच्या कडेला चिकूची झाडे दिसतात. याच झाडाच्या चिकाने जगाला चिंगमची सवय लावली, ही गोष्ट वाडीत फारशी कोणाच्या ध्यानात नसते. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तेथील माया आणि अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या खोडाचा गोठलेला चीक चघळत असत, अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘त्सिक्त्ली’ म्हणत, आणि त्या शब्दाचे स्पॅनिशमध्ये ‘चिक्ले’ झाले. मराठीतला ‘चीक’ त्याच्याशी उच्चाराने जुळत असला तरी तो ‘चिकण’, ‘चिकट’ यांच्या घरातला आहे. दोन दूरच्या भाषांनी एकाच लक्षणाला इतका सारखा आवाज द्यावा, हा योगायोग मात्र मोठा गोड आहे.

मेक्सिकोचे पदच्युत अध्यक्ष सांता आना यांच्यामार्फत हा चिक्ले न्यूयॉर्कच्या टॉमस अ‍ॅडम्स यांच्याकडे पोचला तो रबराला पर्याय म्हणून. अ‍ॅडम्स यांनी त्यापासून रबरी वस्तू करण्याची खटपट केली, ती फसली, आणि 1871 मध्ये त्यांनी चिंगम करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या रानांत चीक काढणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. हे लोक पावसाळ्यात, म्हणजे झाडात रस भरलेला असताना, खोडावर कोयत्याने नागमोडी खाचा पाडत, खाली पिशवी बांधत, जमलेला चीक मोठ्या कढईत ढवळत आटवत आणि त्याच्या विटा पाडत. एकदा खाचा पाडलेल्या झाडाला काही वर्षे विश्रांती द्यावी लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून केलेली कृत्रिम रबरे आणि पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट यांनी चिक्लेची जागा घेतली. आज टपरीवर मिळणाऱ्या चिंगममध्ये चिकूच्या झाडाचा बहुधा अंशही नसतो.

वाडीत चीक भेटतो तो उपद्रव म्हणून. चिकू तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी सालीवर नखाने हलकेच ओरखडा काढतात. आतून हिरवा दिसला आणि चीक डवरून आला तर फळ कच्चे, पिवळसर दिसून चीक जेमतेम ओलावला तर उतरवायला योग्य. फळ झेल्यात पडताच देठाच्या जागी दुधासारखा टपोरा थेंब उभा राहतो, क्षणभर तो पांढराशुभ्र दिसतो, आणि बोटाने टिपला तर दोन बोटांमध्ये त्याची तार सुटते. थोड्या वेळात तो तपकिरी पडतो, फळाला डाग लावतो आणि टोपलीतली धूळ ओढून घेतो. म्हणून फळे पाण्यात चोळून धुतात, त्यांवरचा खरबरीत भुसा आणि चीक दोन्ही काढतात, आणि मगच ती बाजाराकडे निघतात.

हेच थेंब पाण्याच्या वाटीत धरून ठेवले तर ते तळाशी गोळा होत जातात. दोन-तीन टोपल्यांच्या देठांतून चिंचोक्याएवढा गोळा जमला तरी पुष्कळ म्हणायचे. तो मंद आचेवर पाण्यात उकळावा लागतो, कारण कच्च्या चिकाला टॅनिनचा, म्हणजे जीभ आवळणाऱ्या तुरट द्रव्याचा, दाट विळखा असतो. उकळून, थंड पाण्यात मळून, पुन्हा उकळून तो सोडवावा लागतो. यासाठी घेतलेले भांडे पुन्हा दुधाच्या कामाचे राहत नाही, आणि हाताला आधी खोबरेल चोळले नाही तर फणस फोडणाऱ्याची जी गत होते तीच होते. हाती येतो तो मळकट, गार असताना टणक आणि तोंडात गेल्यावर हळूहळू नमणारा एक तुकडा. अधिक चिकाच्या लोभाने खोडाला खाचा पाडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण वाडीतले झाड फळासाठी जोपासलेले असते, पुष्कळदा खिरणीच्या खुंटावर बांधलेले कलम असते, आणि त्याला जखमा करून मूठभर डिंक मिळवणे हा सरळसरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे. शिवाय पांढरा दिसणारा प्रत्येक चीक तोंडात घालण्याजोगा नसतो. रुई, शेर, पिवळी कण्हेर ही कुंपणावरची मंडळी विषारी आहेत, आणि लहान मुले घरात असतील तर हे आधीच बजावून ठेवलेले बरे.

घरगुती चिंगमचा खरा सुगम मार्ग गव्हातून जातो, आणि तो महाराष्ट्रातल्या मुलांना कोणी न शिकवता ठाऊक असतो. कच्च्या गव्हाची चिमूट तोंडात टाकून, न गिळण्याचा संयम ठेवून चावत राहिले की आधी पिठूळ लगदा होतो, मग लाळेतले पाचकद्रव्य पिष्टाची साखर करू लागल्यामुळे किंचित गोडी येते, कोंडा आणि पीठ हळूहळू निघून जाते, आणि शेवटी राखाडी रंगाची एक चिवट गोळी जिभेवर उरते. ही गोळी म्हणजे ग्लूटेन: गव्हातल्या दोन प्रथिनांनी पाणी मिळताच एकमेकांत गुंतून विणलेले जाळे. त्यांपैकी ग्लूटेनिन ताण देते आणि ग्लायडिन लांबण्याची सवलत देते. लोकवन गव्हाची गोळी चांगली जमते, खपलीची लवकर तुटते, आणि तांदळाची तर कधीच होत नाही, कारण तांदळात ग्लूटेन नाही. भातावर वाढलेल्या या किनाऱ्यावर उकडीची पारी हाताने सांभाळून वळावी लागते, जरा दुर्लक्ष झाले की ती चिरते, त्याचेही कारण हेच.

हेच काम दातांऐवजी हाताने करायचे तर पाव किलो मैदा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवावा आणि मग पाण्याच्या परातीत बुडवून मळत राहावा. पहिले पाणी ताकासारखे पांढरे होते. ते बदलावे, पुन्हा मळावे, आणि पाणी नितळ राहू लागले की थांबावे. मध्येच एक क्षण असा येतो की गोळा पार विस्कटून चिंध्या झाल्यासारखा वाटतो आणि नवखा माणूस हात टेकतो. पण तेवढ्यात तो मुठीत पुन्हा धरू लागतो, आणि अखेर मोठ्या लिंबाएवढा, ओढला तर परत आखडणारा गोळा शिल्लक राहतो. कणकेतही हे जमते, पण कोंड्याचे कण जाळे कापत राहतात आणि मेहनत दुप्पट होते.

येथे कुरडईची आठवण होणे अपरिहार्य आहे. कुरडई ही मूळची घाटावरची विद्या, गव्हाबरोबर आणि सुनांबरोबर खाली उतरलेली. त्यात तीन दिवस भिजवलेले गहू वाटून पिळतात, खाली बसलेला पांढरा साका ठेवतात आणि चोथा टाकतात; त्या साक्यालाही मराठीत ‘चीक’ म्हणतात. म्हणजे गव्हाचा चीक हा विरघळू-शिजू शकणारा भाग, तर चिकूचा चीक हा काही केल्या न विरघळणारा. चिंगम करणाऱ्याला चिकूचा चीक हवा असतो आणि गव्हाचा नको असतो. कुरडई करणारी ज्याला चोथा म्हणते, त्यातच त्याचे भांडवल अडकलेले असते. भाषेने चिकटपणा तेवढा पाहिला आणि दोन्हींना एकच नाव देऊन टाकले.

गव्हाच्या गोळीत एक खोट आहे, ती मान्य केली पाहिजे. ग्लूटेन ओले असते, दुसऱ्या दिवशी आंबते, आणि पाण्याशी त्याचे सख्य असल्याने बराच वेळ चघळल्यावर ते भुसभुशीत होते. चिक्ले किंवा बाजारी डिंक पाण्याशी फटकून वागतो, म्हणून तो टिकतो. तेलाशी मात्र त्याचे जमते, म्हणून तेलकट शेंगदाण्याबरोबर तोंडात ठेवला तर तो विरघळल्यासारखा होतो. सुगंधाचे सारे गणित या स्वभावावर उभे आहे. कोकमाचे आगळ घालून पाहण्याची इच्छा या किनाऱ्यावर कोणालाही होईल, पण ते पाणीदार असल्याने डिंकात मुरत नाही, नुसते बाहेर सुटून हात चिकट करते. लवंगेचे किंवा दालचिनीचे तेल आणि पानवाल्याकडचे पुदिन्याचे फूल मात्र आत शिरून बसते आणि चावण्यागणिक थोडे थोडे बाहेर येते.

तयार डिंकाचे दाणे विकत आणून चिंगम करणाऱ्यांची रीत सोपी आहे: दाणे वाफेवर मऊ करायचे, त्यात थोडे पातळ ग्लुकोज आणि थेंबभर ग्लिसरीन घालायचे, पिठीसाखरेवर पोळीसारखे मळायचे. साखर डिंकाच्या दुपटीहून अधिक लागते, हे पाहून पहिल्यांदा करणारा दचकतो. ही सगळी खटपट थंडीतच करावी, कारण जूनमध्ये किनाऱ्यावरच्या दमट हवेत पिठीसाखरेला पाणी सुटते, वड्या घामेजतात, कागदाला धरतात आणि डब्यात त्यांचा पुन्हा एकच गोळा होतो.

श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे तिथली नावाजलेली सुपारी, ज्या किनाऱ्यावर पिकते तिथे जबड्याला काम देण्याची हौस काही नवी नाही. पण सुपारी कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे, आणि चिंगम चघळून विडा सुटल्याची उदाहरणे असली तरी विडा हा पाहुणचार असतो, चिंगम हा नसतो. पाहुण्यापुढे तबकात कोणी चिंगम ठेवत नाही.

मार्चच्या सुमारास चिकूचा बहर जोरात असतो तेव्हा विहिरीच्या काठावर घमेल्यात फळे चोळली जातात. पाणी हळूहळू तपकिरी-पांढरे होते, कडेला चिकाचे बारीक दोरे धरतात, कोणीतरी ते नारळाच्या शेंडीने खरवडून काढते, आणि घमेले शेजारच्या पोफळीच्या आळ्यात उपडे होते.