पानातली घावनांची चवड

"तू दिवसभर त्या पानांत नक्की बघतेस तरी काय गं?" आत्याने परवा फोनवर विचारलं. फोनवर काही धड सांगता आलं नाही, म्हणून इथेच लिहितेय.

पान हिरवं असतं ते हरितलवकांमुळे, हे शाळेत झालंय. त्या हरितलवकांत थायलाकॉइड नावाची पातळ पटलं असतात आणि ऊन पकडायचं काम तिथे चालतं. मला ती पाहिली की घावनांची चवड आठवते. (भूक लागलेली असते, दुसरं काय!) पालकाच्या पानात साधारण दहा-वीस पटलांची चवड. क्वीन्सलँडच्या रानात गर्द सावलीत अलोकेशिया वाढतो, आपल्या अळूचं भावंडच. जॅन अँडरसन आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तर एकेका चवडीत शंभराच्या वर पटलं! ऊन कमी, म्हणून ते पकडायची तयारी जास्त. ऊस, ज्वारी, मका यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांच्या शिरांभोवतीच्या पेशींत चवडी जवळजवळ नसतातच. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारी यंत्रणा मुख्यतः चवडीत असते, आणि जिथे साखर घडते तिथे या मंडळींना ऑक्सिजनची लुडबूड नको असते.

आता गंमत. पान अर्धा तास अंधारात ठेवायचं, मग त्यावर प्रकाशाचा झोत टाकून ते किती चमकतं ते मोजायचं. त्यावरून पटलांची तब्येत कळते. १९८७ साली ब्योर्कमन आणि डेमिग यांनी ४४ जातींची निरोगी पानं मोजली, आकडा सगळीकडे ०.८३ च्या आसपास. (हा आकडा ऊस-मक्याची जातकुळी वगळून.) घरं वेगवेगळी, पण ताप नसला की थर्मामीटर सारखाच, तसं काहीसं.

हे सगळं गेल्या वर्षी घरात आलं. कोकणातलं घर विकलं आणि आई आमच्याकडे पुण्याला आली. येताना विहिरीमागच्या सावलीतला अळू आणि हंसराज घेऊन आली. जागा फक्त गच्चीवर, महिना एप्रिल. मी क्लिप लावून मोजत राहिले. आठवड्यात अळू ०.५६ वर, हंसराज त्याच्याही खाली. आई रोज विचारायची, "किती आलं आज?" माझ्या बाबांच्या आजारपणात ती असंच विचारायची. खरं सांगते, आकडा वाचताना माझा हात थरथरायचा.

हंसराज गेला. त्याला ऊनही सोसलं नाही आणि कोरडी हवाही. अळूची जुनी पानं पिवळी पडून गळाली. सावलीत घडलेलं पान थोडंफार जुळवून घेतं, पण मुळापासून बदलत नाही. मग एक सुरळी उलगडली. पान लहान, जाडसर, फिकट. मोजलं तर ०.८१. उन्हातल्या पानात चवडी बुटक्या असतात, तशाच इथेही झाल्या असणार.

आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, "अजून चार पानं येऊ देत, मग फदफदं करू." आता पाच झालीत, आणि ती एकाही पानाला हात लावू देत नाहीये.