मिनिटांपुरतं घड्याळ

नव्यानं पळायला लागलेला माणूस आधी बुटांचं विचारतो, मग घड्याळाचं. माझ्या भाचीनंही तेच विचारलं, "मामा, पळायला घड्याळ कुठलं घेऊ? स्वस्तातलं सांग." पहिली नोकरी, पुण्यात भाड्याची खोली, पगार महिनाअखेरीपर्यंत जेमतेम पुरणारा. दुकानात तिला वीस-पंचवीस हजारांची घड्याळं दाखवली होती. हृदयाचे ठोके, झोप, पावलं, चढ, उतार, सगळं सांगणारी. ती बघून तिचा पळण्याचाच उत्साह जरा मावळला होता, आणि मला वाईट वाटलं ते त्याचं. पळणं हा कुणालाही परवडणारा खेळ. दार उघडलं की रस्ता सुरू. तिथं पैशाची अडचण येता कामा नये.

सुरुवातीच्या महिन्यांत घड्याळानं एकच काम करायचं असतं, मिनिटं मोजायचं. आपल्या पोटऱ्यांना आणि नडगीच्या हाडांना किलोमीटर कळत नाहीत. किती वेळ राबवलं, तेवढं कळतं. दमसास लवकर वाढतो, कंडरा आणि हाडं मात्र सावकाश तयार होतात, आणि नवख्यांची बरीचशी दुखणी या तफावतीतूनच येतात. म्हणून एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं अर्धा तास. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी ही पळत-चालत जायची रीत लोकप्रिय केली. ऑलिंपिकपटूला मध्येच चालण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा? पण या रीतीला घड्याळ लागतंच. पळण्याचं एक मिनिट पहिल्या आठवड्यात केवढं लांबतं आणि चालण्याची दोन मिनिटं कशी भुर्रकन उडून जातात! तिथं अंदाज चालत नाही.

कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू तुम्ही नक्की पाहिलेलं असेल, नाव माहीत नसलं तरी. काळं, चौकोनी, प्लास्टिकच्या पट्ट्याचं. १९८९ साली बाजारात आलेलं आणि अजूनही त्याच रूपात मिळणारं. वजन २१ ग्रॅम, किंमत दोन हजारांच्या आत, आणि एकदा बसवलेला सेल साधारण सात वर्षं चालतो. चार्जिंग नाही, फोनशी जोडाजोडी नाही. डावीकडचं खालचं बटण दोनदा दाबलं की स्टॉपवॉच येतं, उजवीकडचं दाबलं की आकडे धावू लागतात.

त्याचा एक गुण मला मनापासून आवडतो. त्याचं स्टॉपवॉच तासापलीकडे जात नाही. ५९ मिनिटं ५९ सेकंद झाली की ते पुन्हा शून्यावर येतं. बनवणाऱ्यांनी हे पळणाऱ्यांसाठी योजलेलं नसणार, पण नव्या माणसाला पहिले कित्येक महिने त्याहून जास्त वेळ पळायचं कारणच नसतं. सेकंदाचे शंभरावे भागही ते दाखवतं. ते दोन बारके आकडे इतक्या वेगानं पालटतात, की डोळ्यांना नुसती थरथर दिसते. माणदेशातल्या मोही गावच्या ललिता बाबरनं २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हा त्या थरथरीला अर्थ होता. आपण ती खुशाल विसरावी.

अडतं ते अंधारात. या घड्याळाचा दिवा अगदीच मिणमिणता. थंडीत पहाटे पळणाऱ्यानं एक तर रस्त्यावरच्या दिव्याखाली वेळ बघावी, नाहीतर सगळा पडदा उजळणारं घड्याळ घ्यावं. टाइमेक्सचं आयर्नमॅन हे त्यातलं जुनं नाव, १९८६पासूनचं. त्यात फेऱ्यांची नोंद राहते, उलटी मोजणीही लावता येते. पैसे मात्र जास्त पडतात.

फिनलंडचा पाव्हो नुर्मी स्टॉपवॉच मुठीत धरूनच शर्यत पळायचा. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा त्याची नजर घड्याळावर जास्त. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं पंधराशे आणि पाच हजार मीटर ही दोन्ही सुवर्णपदकं एकाच दिवशी जिंकली. पंधराशेच्या अंतिम शर्यतीत शेवटच्या फेरीच्या तोंडाशी त्यानं घड्याळावर एक नजर टाकली आणि ते गवतावर भिरकावून दिलं. वर्षानुवर्षं मिनिटं मोजून ती पायांत मुरली होती. आता पुढचं पाय बघून घेतील, हा त्यातला विश्वास मला थोर वाटतो. साध्या स्टॉपवॉचनं पळणाऱ्याला द्यावं ते हेच.

भाचीचा जीव अडकला होता जीपीएसमध्ये, आणि तो मोह मला समजतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह अखंड वेळ कळवत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश केव्हा निघाले आणि केव्हा पोचले, यावरून मनगटावरचं इवलंसं यंत्र आपण कुठल्या वळणावर आहोत ते सांगतं. अंतरसुद्धा शेवटी वेळेतूनच निघतं, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं. पण पेठांतल्या उंच इमारतींमधून पळताना तेच संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, आणि नकाशावरची रेघ लोकांच्या घरांतून जाते. पडद्यावरचा वेग उड्या मारतो. मुरलेला गडी तिकडे काणाडोळा करतो. नवखा त्या आकड्याच्या मागं लागतो, जोर लावतो आणि पंधरा दिवसांत नडगी चोळत बसतो. अंतर नेमकंच हवं असेल तर जवळचं क्रीडा संकुल गाठावं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सगळ्यांत आतल्या लेनमधून साडेबारा फेऱ्या मारल्या, की पाच किलोमीटर झाले.

ठोक्यांचंही तसंच. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो. तो कमी-जास्त किती शोषला गेला, त्यावरून ठोके मोजतात. पट्टा सैल असला, हात जोरात हलला, की कधी कधी ठोक्यांच्या जागी पावलांचाच ताल मोजला जातो. त्यातच २२० वजा वय हे सूत्र इतकं ढोबळ, की दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडावा. छातीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल त्यानं डॉक्टरांना विचारूनच पळायला लागावं. बाकीच्यांसाठी जुनी कसोटी पुरेशी आहे: पळता पळता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. सोबत कुणी नसेल तर मनाचे श्लोक म्हणावेत. भुजंगप्रयाताचा एक चरण एका श्वासात आरामात बसला तर वेग ठीक, मध्येच धाप लागली तर सरळ चालायला लागावं.

दोन-तीन हजारांचे पट्टेही मिळतात, फोनचं जीपीएस वापरणारे. वाईट नाहीत. पण श्रावणसरीत किंवा घामेजल्या बोटांनी त्यांचा पडदा ऐकत नाही, आणि ऐन धावेत थांबून बोट पुसत बसावं लागतं. बटण आंधळेपणानंही दाबता येतं. म्हणून माझा कौल बटणांना.

तेव्हा दुकानदार काहीही दाखवो, पहिलं घड्याळ हलकं, बटणांचं आणि दोन हजारांच्या आतलं घ्या. वाचलेले पैसे बुटांना लावा. पायांची काळजी बूट घेतात, घड्याळ घेत नाही. आणि न चालता सलग अर्धा तास पळता येऊ लागलं, की मग जीपीएसचं बघा.