टपावरचं कॅरिअर

आमचा धंदा मंडप-डेकोरेशनचा, गाव आपटा. लग्नाच्या मोठ्या मंडपाला टेम्पो लागतोच. पण बारसं, साखरपुडा, सत्यनारायण अशा घरगुती कामांना आमची जुनी बोलेरो पुरते. कापड, गालिचे, लायटिंगच्या माळा आत; शिड्या, बांबू, लोखंडी पाइप टपावर. त्यामुळे सगळी मदार कॅरिअरवर.

गाडीबरोबर आलेलं कॅरिअर 40 मिलिमीटरच्या अँगलचं होतं. बघणाऱ्याला ते दणकट वाटे. पण 5 मिलिमीटर जाडीचा तो अँगल मीटरला 3 किलो भरतो, म्हणजे माल चढवण्याआधीच टपावर भलतं ओझं. कर्नाळ्याच्या खिंडीत वळण घेताना गाडी बाहेरच्या अंगाला कलायची. वजन जितकं उंचावर, तितका कल जास्त. शिवाय कॅरिअरला पाय चारच. सगळा भार टपाच्या कडेच्या पन्हळीवर चार ठिकाणी यायचा. तिथला पत्रा दबला, रंग उडाला आणि पहिल्याच पावसाळ्यात गंज धरला.

मोहोपाड्याच्या एका वेल्डिंगवाल्या दादांकडे गेलो. "अजून दोन अँगल आडवे मारू, मग हलायचं नाही," ते म्हणाले. मला नेमकं उलटं हवं होतं: हलकं, बुटकं आणि भार वाटून देणारं. ते ऐकल्यावर त्यांनी अँगलचा एक तुकडा शिकंज्यात धरला आणि पाना लावून पिळला. तो सहज वळला. मग 25 मिलिमीटरचा, 16 गेजचा चौकोनी पाइप धरला. तो जागचा हलला नाही. "बंद तोंडाचा आहे ना, पीळ घेत नाही," ते म्हणाले. आणि हा पाइप मीटरला सव्वा किलोही भरत नाही! त्यांच्या या एका प्रात्यक्षिकाने माझा निर्णय पक्का झाला.

नव्या कॅरिअरला आठ पाय दिले. पायांच्या खाली दोन्ही बाजूंनी लांब पट्टी, पट्टी आणि पन्हळीच्या मध्ये रबर, म्हणजे भार सलग पसरतो. आडव्या पाइपांमधलं अंतर कमी केलं, कारण कापडाचे गठ्ठे मध्ये लोंबून टपाला टेकायचे. प्रत्येक पाइपाला खालून बारीक भोकं पाडली. कोकणच्या पावसात पाणी कुठूनही आत शिरतं. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर पाइप आतून सडतो आणि वरून रंग चकचकीत दिसत राहतो.

मला सर्वांत समाधान दिलं ते मागच्या रुळाने. मागची उभी कड काढून टाकली आणि तिथे एका सळईवर सैल पाइप चढवला, गोल फिरणारा. शिडीचं एक टोक त्यावर टेकवायचं आणि पुढे ढकलायची. पूर्वी दोघांना डोक्यावर उचलून चढवावी लागणारी शिडी आता एकटा माणूस चढवतो. ज्यांचे खांदे रोज हे सामान पेलतात त्यांना याची किंमत कळेल.

रिकाम्या गाडीत शिट्टीसारखा आवाज यायचा, तोही गेला. सगळ्यात पुढच्या गोल पाइपाला सुतळीचे तिरके वेढे दिले. वारा एका लयीत तुटेनासा झाला. वाऱ्याची ओढ मात्र जात नाही. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते, म्हणून टपावर माल असताना हायवेलाही मी गाडी पळवत नाही.

लांब बांबूंचा प्रश्न कॅरिअरने सुटत नाही, आणि सुटू नये. गाडीच्या पुढे, मागे किंवा बाजूला माल बाहेर काढला तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून 20 हजारांचा दंड आहे. दंडापेक्षा मला मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याची भीती जास्त. तेवढे बांबू टेम्पोतच जातात. आता कॅरिअरचे पाय वेल्डिंगऐवजी नट-बोल्टवर घ्यायचे आहेत, म्हणजे काम नसेल तेव्हा कॅरिअर उतरवून ठेवता येईल.