बाबांचा व्हर्निअर आणि दोन पतंग

मागच्या शनिवारी सकाळी दूध आणायला उतरलो, तर जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली एक हिरवा पतंग मरून पडलेला. (मांजावाला नव्हे हो, किडा!) ओलिअँडर हॉक मॉथ. निगडीत आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला तगर आणि कण्हेर आहे, याच्या अळ्यांना दोन्ही चालतं. अंगावर मिलिटरीच्या कपड्यांसारखी हिरवी-गुलाबी नक्षी.

मागच्या ऑगस्टमध्ये सापडलेला एक माझ्याकडे साबणाच्या डबीत होता. शेजारी ठेवला, तर हा मे महिन्यातला चक्क छोटा! आई म्हणाली, "पिल्लू असेल." पण पतंगाचं पिल्लू म्हणजे अळी. जे काय वाढायचं ते अळी असताना. कोशातून पंख पसरून बाहेर आला की संपलं, पुढे वाढ नाही.

बाबा भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या टूलरूममधून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. तेव्हापासून बोलणं "जेवलास का?" एवढंच. ते उठले, कपाटातून व्हर्निअर काढला, बनियनच्या फडक्याने पुसला. पुढच्या पंखाची लांबी: ऑगस्टवाला ४८.३६ मिमी, मेवाला ४१.१२.

"उन्हामुळे असेल," मी म्हणालो.

"उलटं बोलतोयस. तापलं की वस्तू वाढते."

त्यांचंही खरंच. टूलरूममध्ये माप २० अंशाला धरतात. १०० मिमीचा स्टीलचा तुकडा ४० अंशाला नेला की साधारण ०.०२ मिमी वाढतो, म्हणजे बरोबर त्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट. पण किड्यांचं बहुधा उलटं चालतं. डेव्हिड ॲटकिन्सन यांनी १९९४ मध्ये थंड रक्ताच्या जिवांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तर ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी उबेत वाढलेला जीव आकाराने लहान निघाला. उष्णतेत अळी भराभर खाते, पण कोशात जायची वेळ त्याहून भराभर येते. डेडलाइन अलीकडे आली की फीचर्स कापतात, तसंच.

मी खूश. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती पीस मोजलेस?"

"दोन."

"दोन पीसवर लॉट पास करतोस?"

च्यायला. आणि पतंगांत मादी बहुधा नरापेक्षा मोठी असते, उन्हाळ्यात पानंही पावसाळ्याइतकी कोवळी नसतात. म्हणजे तीन व्हेरिएबल एकदम बदललेली, बग नक्की कुठला ते सांगायचं कसं? दिवसभर कोड डिबग करणाऱ्या माणसाला हे टूलरूमवाल्याने सांगावं लागलं!

असो. बुधवारी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना बाबांचा फोन. ते कधीच ऑफिसात फोन करत नाहीत. पोटात गोळाच आला, बाहेर पळत जाऊन उचलला.

"अरे, तगरीखाली आणखी एक सापडलाय. त्रेचाळीस पॉइंट शून्य आठ. वहीत लिहिलंय. येताना रिकाम्या काड्यापेट्या घेऊन ये."