वाडीतले न बोलावलेले पाहुणे

बालमित्रांनो, दापोलीहून बुरोंडीची एस.टी. धरलीत, की खिडकीशी बसा हं! जांभ्याचे गडगे आणि आंबा-काजूच्या बागा मागे पडतात, अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा दिसतो आणि मग समुद्र! होड्या, सुक्या मासळीचा वास... पाहुणे एवढंच पाहून परततात. मी मात्र तुम्हांला जमिनीखाली नेणार आहे. त्याला कारण आहे माझी एक चूक.

वर्गात मी वालाच्या मुळांवरच्या गाठी दाखवल्या. "ह्यांतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात," असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बुरोंडीचा एक विद्यार्थी पपईचं मूळ घेऊन आला. "बाई, आमच्या पपईलापण गाठी!" मी म्हटलं, "शाब्बास!" पपई कडधान्याच्या कुळातली नाही, हे मी विसरलेच! पुढे त्याची रोपं खुरटली, पिवळी पडली. तो काही बोलला नाही, पण मला राहवेना. मुळं आणि ओली माती घेऊन मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ १९७२ सालचं.

तिथे माती पातळ फडक्यात घालून नरसाळ्यातल्या पाण्यावर रात्रभर ठेवली. सकाळी तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अबब! दोऱ्यासारखे पारदर्शक जीव वळवळत होते. हे सूत्रकृमी! लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, तोंडात पोकळ सुई. ती मुळात खुपसून रस ओढायचा.

ह्यांचे प्रकार ओळखायचे कसे? आपलं घर डोळ्यांसमोर आणा. काही सूत्रकृमी अंगणातच राहतात, म्हणजे मुळाबाहेरून सुई टोचतात. लिंबू-संत्र्यांवरची मादी उंबरठ्यावरची : डोकं मुळात, शेपटाकडचा भाग बाहेर. काही थेट माजघरात शिरतात. केळीच्या मुळांत बोगदे पाडणारे त्यांतलेच. मग घड लागलेली केळ वाऱ्याने मुळासकट आडवी होते. पपई, पेरू, डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारेही माजघरातलेच. त्यांची मादी फुगून नासपतीसारखी होते आणि शेकडो अंडी घालते. तिच्या शेपटाकडच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. त्या पाहून शास्त्रज्ञ जात ठरवतात.

तुम्ही नखाने परीक्षा घ्या. वालाची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, अलगद निघते, कापली तर आत गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेलं मूळच. ती काढायला गेलात, तर मूळ तुटेल.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक सांगितली. तो मुलगा हसला. आता त्याच्या वाडीत पपईभोवती झेंडू आहे. झेंडूच्या मुळांतला रस ह्या कृमींना मानवत नाही. आणि नवं रोप आणलं, की तो आधी मुळं बघतो. कारण हे कृमी स्वतः फार लांब जात नाहीत; रोपाबरोबरच्या मातीतून आपणच त्यांना घरी आणतो!

मग, तुमच्या परसातलं पुढचं रोप लावण्यापूर्वी काय पाहाल?