नेमगिरीची चढण

परभणी जिल्हा म्हणजे काळी जमीन, ज्वारी आणि नजर पोचेल तिथवर सपाटी. डोंगर पाहावा तो जिंतूरच्या अंगाला. जिंतुरापासून कोसभरावर नेमगिरी आहे. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला ती टेकडीच वाटेल. पण गुडघे धरलेल्या माझ्या आत्याला तो हिमालयच! सकाळी लवकर निघालो, हे बरे. उन्हे चढली की खडक तापतो. पोरे धावत पुढे गेली. आत्या दर दहा पावलांना थांबे, पदराने वारा घेई, खालची हिरवी शिवारे न्याहाळी. तिच्यामुळे मलाही ती दिसली. वर जैन लेणी आहेत. दारे अगदी ठेंगणी. धट्ट्याकट्ट्या मंडळींची तिथे कोण त्रेधा! आत्या मुळातच वाकलेली. ती सहज आत शिरली आणि सर्वांच्या आधी मूर्तीपुढे हात जोडून बसली.