ताऱ्यांचा हिशेब

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरांनी काम दिलं: हजार ताऱ्यांचा गुच्छ घ्यायचा, प्रत्येक तारा बाकीच्यांना ओढतो, पुढे काय होतं ते बघायचं. सूत्र न्यूटनचंच. महिन्याभरात उरकेल असं मी धरून चालले.

आधी नुसती सूर्य-पृथ्वीची जोडी चालवली, ऑयलरच्या सोप्या पद्धतीने. आत्ताचा वेग धरायचा, पुढचं पाऊल टाकायचं. पृथ्वी दर फेरीला बाहेर सरकायला लागली. वळणावर सरळ पावलं टाकली तर दुसरं काय होणार! लीपफ्रॉग पद्धत घेतल्यावर कक्षा जागेवर बसली.

गुच्छाने मात्र रडवलं. दोन तारे फार जवळ आले की बल अफाट वाढतं आणि तारा गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. म्हणून अंतराच्या वर्गात एका लहानशा संख्येचा वर्ग मिळवायचा. याला सॉफ्टनिंग म्हणतात. मी वाचत होते त्या शोधनिबंधात त्यावर जेमतेम अर्धं वाक्य होतं. मी ती संख्या बलाच्या सूत्रात घातली. चित्रं सुरेख आली, सेमिनारही पार पडला. फक्त एकूण ऊर्जा, जी जवळजवळ ढळायलाच नको, ती तारे जवळ आले की उडी मारायची. पाऊल निम्मं केलं की लीपफ्रॉगमधली चूक चौथाईवर यायला हवी. उडी होती तेवढीच. तेव्हाच उमगायला हवं होतं, पण मी तीन आठवडे पावलंच बारीक करत बसले. स्थितिज ऊर्जेच्या सूत्रात सॉफ्टनिंग घालायचं राहिलं होतं. तारे बरोबर फिरत होते, हिशेब माझा चुकत होता.

मग मैत्रिणीने तोच गुच्छ पायथॉनमध्ये चालवला. माझ्याकडे एक तारा गुच्छ सोडून गेला, तिच्याकडे दुसराच. दोघींचे आकडे छापून शेजारी ठेवले. सॉफ्टनिंग तिच्याकडे ०.०१, माझ्याकडे ०.००९९९९९९९८. माझा प्रोग्राम फोरट्रानमध्ये होता. तिथे नुसतं ०.०१ लिहिलं की ते आधी कमी अचूकतेने साठवलं जातं, मग ते दुप्पट अचूकतेच्या चलात टाकून उपयोग नसतो. पुढे 'डी०' जोडायचं असतं. अशा गुच्छात एवढासा फरकही वाढत वाढत जातो.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "सगळ्या रन पुन्हा लाव." त्या वर्षी मी घरी पोचले ती भाऊबीज उलटल्यावर.